गुरुजी, अक्षरं कोरायची बाकी आहेत ना?

पत्र आलंय जळगाव जिल्ह्यातल्या रावेरहून. बरंच मोठं आहे, थोडं आवरून देतो.

"नाना, मी निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं पडदा लावून बाजीराव पेशव्यांवरचा हिंदी चित्रपट दाखवला. शेवटी पोरं अक्षरशः रडली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर शोधलं, बाजीराव 'रावेर'ला वारले असं काहीतरी दिसलं, आणि झालं! येत्या 28 एप्रिलला वेशीवर काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसणार आहे, 'श्रीमंत बाजीराव पेशवे यांची पुण्यभूमी'. वर्गणी जमली, कारागिराला आगाऊ रक्कम गेली, फक्त अक्षरं कोरायची बाकी आहेत. मंडळाचा अध्यक्ष माझाच मुलगा. मी बैठकीत उभा राहून सांगितलं, बाबांनो, ते गाव रावेरखेडी, नर्मदेच्या काठावर, मध्य प्रदेशात. पोरं हसली. एक म्हणाला, 'गुरुजी, पिच्चरमा दखाडेल शे ना!' तेव्हापासून मुलगा धड बोलत नाही. 'आप्पा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत मोडता घालता,' एवढंच म्हणाला. आमच्या मंडळी (म्हणजे आमच्या सौ.) म्हणतात, तुमचं काय जातंय, लागू द्या दगड. नाना, बोलू की गप्प बसू? आणि हे सिनेमावाले इतिहासाचं वाटोळं करतात, त्यांना कुणी विचारायचं की नाही?"

गुरुजी, नमस्कार.

आधी तुमचा जीव भांड्यात पाडतो. गाव तुमचंच बरोबर आहे. पहिले बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी गेले ते रावेरखेडीला. खरगोन जिल्हा, सनावदच्या बाजूला, नर्मदेचा काठ. समाधीही तिथेच आहे. तुमच्या पोरांनी तारीख अचूक काढली आणि गाव चुकवलं. पेपर तुमच्याकडे तपासायला आला असता तर अर्धा गुण तुम्ही नक्की दिला असता. आणि ही गल्लत काही तुमच्याच गल्लीत झालेली नाही. एका व्याख्यानात भरदार आवाजाच्या वक्त्यानं "तुमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला त्या महापुरुषानं देह ठेवला" असं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. टाळ्याही पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो, मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात हो अशा वेळी.

आता कडू गोळी.

तुम्ही बैठकीत उभं राहून सांगितलंत. वीस-पंचवीस पोरं, मध्ये चहाचे कप, अध्यक्ष म्हणून पहिल्यांदाच खुर्चीत बसलेला तुमचा मुलगा, आणि बाप उठून म्हणतो, चुकलात. गुरुजी, तिथे फळा नव्हता. पोराच्या कानावर नर्मदा नाही की खरगोन नाही, चारचौघांत आप्पांनी कान धरला एवढंच आलं. आणि 'पिच्चरमा दखाडेल शे' म्हणून जो हसला, त्याला सिनेमाचं काही पडलेलं नसणार. त्यानं आपल्या अध्यक्षाची अब्रू सावरली. मित्र म्हणून बरोबरच केलं त्यानं.

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. पंचविशीत असताना मी धुळ्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. शिवजयंतीच्या पुरवणीत झोकात लिहून दिलं, तानाजी पडले, महाराज म्हणाले गड आला पण सिंह गेला, आणि तेव्हापासून कोंढाण्याचा सिंहगड झाला. शाळेत हेच शिकलो होतो, शंका कशाला येईल? दोन दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून कचेरीत आले. डोक्यावर टोपी, हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. सगळ्यांसमोर चकार शब्द काढला नाही. "जरा चहाला येता का?" म्हणाले. टपरीच्या बाकड्यावर पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. शिवाजी महाराजांचं 1663 चं पत्र, आणि त्यात गडाचं नाव स्वच्छ सिंहगड. तानाजी पडले 1670 च्या फेब्रुवारीत. नाव आधीच सात वर्षं चालत होतं! मग म्हणाले, सभासदाची बखर वाचा, तिथे महाराजांच्या तोंडचं वाक्य वेगळं आहे, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला'. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

मी दुरुस्ती छापली का? नाही. संपादकांना सांगायची लाज वाटली. चार वर्षांनी त्याच पुरवणीत मी सिंहगडावर दुसरा लेख लिहिला, नीट वाचून लिहिला, पण तोवर ते गृहस्थ राहिले नव्हते. त्यांनी सगळ्या कचेरीसमोर पुस्तक आपटलं असतं तर मी आजही 'सिंह गेला'च्या बाजूनं भांडत बसलो असतो, हे मला माझ्या स्वभावावरून पक्कं ठाऊक आहे.

तर बोला, पण कुठे आणि कसं ते शेवटी सांगतो. आधी तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो तुम्ही जरा रागात विचारलाय आणि त्या रागात सगळ्या चुका एकाच पोत्यात भरल्यात.

सिनेमा येण्याआधी शाहीर होता. कोंढाण्याच्या कड्यावर दोर घेऊन चढणारी घोरपड बखरकार सभासदानं आणलेली नाही. त्याच्याकडे मावळे वानरासारखे कडा चढून जातात, बस. घोरपड आली पोवाड्यातून, आणि पोवाड्यातून ती आपल्या पाठ्यपुस्तकाच्या चित्रापर्यंत पोहोचली. तुम्हीही छत्तीस वर्षांत कधीतरी फळ्यावर घोरपड काढलीच असेल की! शाहिराला डफावर थाप मारून रात्रभर गाव जागं ठेवायचं होतं. बाबूराव पेंटरांनी 1923 साली 'सिंहगड' काढला तेव्हा तो मूकपट होता, पण धंदा तोच. समोर बसलेला माणूस उठून जाता कामा नये. तेव्हा पागोट्याची घडी चुकली, दोन वर्षांचं दोन मिनिटांत आलं, एका सरदाराच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य गेलं, अशा चुकांवर मी रक्त आटवत नाही. पडद्यावर सुरुवातीला बारीक अक्षरांत पाटी येतेच की, कथेसाठी स्वातंत्र्य घेतलं आहे म्हणून. आपण तेव्हा खारे शेंगदाणे सोलत असतो, हा काय त्यांचा दोष?

मला राग येतो तो लढाई जिंकली कशानं हेच बदलतात तेव्हा.

पालखेडचंच घ्या, कारण ते तुमच्या बाजीरावांचं सगळ्यात मोठं काम आणि त्यात आपला खानदेश आहे. 1727 च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निघाले. जालना, वऱ्हाड, मग हूल दिली बऱ्हाणपूरची. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला, तर हे खानदेशातून सरळ गुजरातेत. निजामाला वाटलं, आता पुणं मोकळं आहे, तो पुण्यात जाऊन बसला. बाजीराव परत फिरले ते बेटावदवरून. शिंदखेड्याजवळचं आपलं बेटावद, तुम्ही कितीदा एसटीनं गेला असाल त्या अंगानं. तिथून औरंगाबादच्या रोखानं चाल. निजामाला पुणं सोडून मागे फिरावं लागलं, चाल मंदावू नये म्हणून जड तोफखाना मागे ठेवावा लागला, आणि फेब्रुवारी 1728 च्या अखेरीस वैजापूरकडच्या पालखेडला तो असा अडकला की भोवती मराठी घोडी आणि मध्ये ना पाणी ना दाणा-वैरण. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह. तोफा मागे राहिल्या, कोंडी झाली, आणि निजामासारखा मुरलेला माणूस तहानेनं टेकीला आला. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉन्टगोमेरीनं युद्धांचा इतिहास लिहिताना या मोहिमेला नावाजलंय, ते काही कुणाच्या तलवारीच्या हातासाठी नाही.

आता हे पडद्यावर कसं दाखवायचं? चार महिने घोडी चालतायत, लढाई टाळतायत, आणि शेवटी शत्रूला पाणी मिळत नाही. निर्माता म्हणणार, साहेब, दुसऱ्या दिवशी थिएटर रिकामं. मग तो दोन फौजा एकमेकांवर धावताना दाखवतो, सेनापती सगळ्यांच्या पुढे एकटा, हळूहळू उडणारी धूळ, आणि प्रेक्षकाला वाटतं बाजीराव म्हणजे दांडगा तलवारबहाद्दर. अहो, तलवारबहाद्दर त्या काळात पैशाला पासरी होते! घोड्याची एका दिवसाची मजल, पुढच्या मुक्कामाचं पाणी आणि समोरच्याच्या मनातली भीती यांचा हिशोब एकाच वेळी डोक्यात ठेवणारा माणूस मात्र दुर्मीळ. सिनेमा बाजीरावांना मोठं करायला जातो आणि लहान करून परत येतो.

परदेशातही हेच. स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसवरचा तो गाजलेला चित्रपट घ्या, त्यात 1297 ची स्टर्लिंग पुलाची लढाई आहे आणि पूलच नाही! इंग्रजांचं सैन्य अरुंद पुलावरून थोडं थोडं उतरत होतं म्हणून तर ते कापलं गेलं. पूल काढला की उरले नुसते आरडाओरडा करत धावणारे लोक.

उलट एक गोष्ट सांगतो, जी खोटीही असेल. निजामानं म्हणे आपल्या चित्रकाराला सांगितलं, बाजीराव जसा दिसेल तसा काढून आण. चित्रकारानं काढलं ते असं. घोड्याचा लगाम सैल सोडलेला, आणि स्वार चालत्या घोड्यावर तळहातात जोंधळ्याची कणसं चोळून दाणे तोंडात टाकतोय. निजामाच्या पोटात गोळा आला. असं चित्र झालंच होतं म्हणून मी शपथ घेणार नाही. पण ज्यानं ही गोष्ट रचली त्याला पालखेड कळलं होतं. ज्याच्या फौजेला स्वयंपाकाला थांबावं लागत नाही त्याला गाठणार कसं? ज्वारी कुठली, तर वाटेवरच्या शेतातली. आपल्याच काळ्या मातीतली असेल. दिग्दर्शकांनी बनवाबनवी करायची तर अशी करावी, मी उभा राहून शिट्टी मारीन.

आणि एक पत्र आहे, ते प्रत्येक ऐतिहासिक चित्रपटाच्या लेखकाला रोज सकाळी मोठ्यानं वाचायला लावावं असं. शिवाजी महाराजांचं, चिपळूणकडे पावसाळ्यासाठी ठेवलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना आणि कारकुनांना. वैरण आणि दाणा सगळा पावसाळा पुरवायचाय, आत्ताच उधळलात तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी दाणे, भाकरी, गवत, लाकूड मागत सुटाल, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. एवढ्यावर थांबत नाहीत. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका, आणि रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका. का? तर उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा जळेल.

गुरुजी, उंदीर! राज्य उभं करणारा माणूस गंजीकडे जाणारा उंदीर डोळ्यांपुढे आणतो आणि त्याच्यासाठी हुकूम काढतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ओसरीवर येऊन बसलो होतो. किती चित्रपट आले महाराजांवर. तलवारी झाल्या, तोफा झाल्या, वाघनखं झाली. तो उंदीर एकदा पडद्यावर यावा अशी माझी फार इच्छा आहे. दोन मिनिटांचं काम आहे. अंधारी पागा, घोड्यांचा फुरफुराट, एक पणती, आणि पणतीकडे सरकणारं ते इवलंसं जनावर. त्या दोन मिनिटांत लोकांना जेवढे महाराज कळतील तेवढे दोन तासांच्या ढोल-ताशांत कळत नाहीत.

म्हणून म्हणतो, सिनेमावाल्यांना विचारायचं, जरूर विचारायचं. पण आपण विचारतो ते भलतंच. 2015 साली बाजीरावांवरच्या त्या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी पिंगा खेळल्या म्हणून गदारोळ झाला. गदारोळाला कारण होतंच. पेशव्यांच्या घरातली स्त्री अशी नाचेल हे त्या काळाला धरून नाही. 2025 च्या 'छावा'त संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून ओरड झाली, दृश्य प्रदर्शनाआधी काढलं गेलं. दोन्ही वेळा भांडण मानापमानाचं. पालखेडला पाणी कुठे अडवलं असं विचारायला कुणी मोर्चा काढला नाही. त्यामुळे निर्मात्यांना एक गोष्ट पक्की समजलीय, नाचगाण्यात जपा, बाकी काहीही करा, चालतंय.

'छावा'वरून आठवलं, तुमच्या शेजारचीच गंमत. तो चित्रपट आला आणि महिनाभरात बातमी आली, असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री बॅटऱ्या आणि कुदळी घेऊन शेतं खणतायत. का? तर मोगलांचा खजिना बऱ्हाणपुरात होता असं पिच्चरमध्ये दाखवलं! शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. रावेरहून असीरगड किती लांब ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या पोरांनी नुसता दगड बसवायचं ठरवलंय, कुदळ घेतली नाही. तेवढं तरी श्रेय द्या त्यांना.

खरं बऱ्हाणपूर मात्र खजिन्याहून भारी आहे. जानेवारी 1681. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोन आठवडे झालेत न झालेत, तोच हंबीरराव मोहित्यांची फौज बऱ्हाणपुरावर पडली. कोटाच्या आत नव्हे, कोटाबाहेरच्या पुऱ्यांवर, म्हणजे वस्त्यांवर. बहादुरपुरा सगळ्यात श्रीमंत, सावकार-सराफांचा. तीन दिवस लूट चालली, आणि कोटाच्या आतले लोक धुराकडे बघत बसले. सिनेमात सिंहाशी झुंज लक्षात राहते. माझ्या लक्षात राहतो तो त्यानंतरचा कागद. मोगल इतिहासकार खाफीखान लिहून ठेवतो की बऱ्हाणपुरातल्या प्रतिष्ठित मुसलमानांनी औरंगजेबाला अर्ज केला, आमची मालमत्ता गेली, अब्रू गेली, यापुढे आम्ही शुक्रवारची नमाज बंद करतो. जो बादशहा रक्षण करू शकत नाही त्याच्या नावानं शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, कशाला वाचायचा, असा त्याचा अर्थ. आलमगिराच्या वर्मी लागणारं याहून धारदार काही असेल? त्याच वर्षी नोव्हेंबरात तो स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. त्याचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर दक्षिणेत पळून आला होता, ते कारण होतंच, पण हा अर्जही होता. पुढे सव्वीस वर्षं दख्खनेतून त्याची सुटका झाली नाही. आणि दख्खनेचं ते दार आपल्या घराशेजारी आहे. तुमच्या पोरांना फलकच लावायचा तर इथे मजकुराचा तुटवडा आहे का हो?

आता तुमच्या दगडाचं.

त्या दगडाशी भांडू नका, दगड चांगला आहे. एक पिढी वर्गणी काढून पेशव्यांचं नाव वेशीवर लावू म्हणते, तीही सिनेमा बघून. ज्या पोरांना तुम्ही शाळेत सनावळ्या पाठ करायला लावल्यात त्यांना तेव्हा रडू आलं नव्हतं. (लागलं असेल तर माफ करा, पण मीही तुमच्याच पिढीचा, आणि माझ्याही गुरुजींनी मला रडवलं ते वेताच्या छडीनं.) दगड राहू द्या, मजकूर बदला. आणि तो तुम्ही बदलायचा नाही, अध्यक्षांनी बदलायचा.

बाजीराव त्या उन्हाळ्यात नर्मदेवर गेले कशाला? निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी युद्ध झालं, 1740 च्या सुरुवातीला तह झाला, तहात खरगोन आणि हंडियाची जहागीर मिळाली. तिचा ताबा घ्यायला ते निघाले. गोदावरीकडून नर्मदेकडे जायचं तर खानदेश ओलांडल्यावाचून वाट नाही. हे तुमच्या पोरांच्या हातातलं हुकमाचं पान आहे. त्यांचा शेवटचा प्रवास आपल्या मुलखातून झाला, हे छातीठोकपणे कोरता येतं. अमुकच गावात मुक्काम केला असं मात्र कोरू नका, कागद हातात असल्याशिवाय. मजकूर साधारण असा बघा:

'पहिले बाजीराव पेशवे 1740 च्या उन्हाळ्यात खरगोन आणि हंडियाचा ताबा घेण्यासाठी खानदेशातून नर्मदेकडे गेले. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे त्यांचा अंत झाला. नामसाधर्म्यानं जोडलेल्या रावेरकरांचा त्यांना मुजरा.'

शेवटचं वाक्य पोरांना आवडेल. गल्लत होती तीच आता नातं झाली. कुणी वर्गणीदारानं विचारलं, पुण्यभूमी कुठे गेली, तर अध्यक्षांकडे उत्तर तयार. 'आम्ही जाऊन बघून आलो.'

म्हणजे जायला लागेल. बऱ्हाणपूर, खंडवा, सनावद, रावेरखेडी. पहाटे निघालात तर उन्हं चढायच्या सुमारास पोहोचाल. एक क्रूझर ठरवा, पैसे तुम्ही द्या, पण ठरवायला मुलाला सांगा. त्याला म्हणा, "मला एकट्याला जायचं होतं, म्हटलं तुम्ही येताय का बघावं." खोटं बोलायला सांगतोय, हो. एवढं चालतं. पोरांना तापीचं पाणी एका कळशीत घ्यायला सांगा, समाधीवर घालायला. मंडळाच्या पोरांना असलं काहीतरी हातात लागतं, नाहीतर ती नुसते फोटो काढत बसतात. आणि तिथे पोहोचल्यावर कृपा करून माहिती सांगू नका. पोरं दगडावरची अक्षरं स्वतः वाचतील. काठावर बसतील. मग कुणीतरी विचारेल, आप्पा, हे इथे कशाला आले होते? तेव्हा सांगा, आणि पाच मिनिटांत संपवा.

मुलाला कागदाची गोडी लागलीच तर धुळ्याला घेऊन या. राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यातच गेले, आणि दुसऱ्याच महिन्यात मंडळ उभं राहिलं. हा माणूस गावोगाव पायी हिंडून लोकांच्या माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरं गोळा करत असे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. मोडी लिपीतला एखादा कागद पोरांना नुसता बघू द्या. हेलकावे खात जाणारी ती ओळ बघितली की पडद्यावर दोन मिनिटांत घोडा फेकत येणारा जासूद वेगळा दिसायला लागतो. येताना माझ्याकडे उतरा. शेवभाजी करतो, झणझणीत, तुमच्या पोरांच्या नाकातून पाणी येईल अशी.

तुमच्या मंडळींना सांगा, दगड लागू द्यायचाच आहे. त्या निम्म्या बरोबर होत्या.

आणि समजा, इतकं करून मुलगा नाहीच म्हणाला, तर? तर एकदा, दोघेच असताना, घरात, जेवण झाल्यावर सांगा. "हे चुकीचं आहे, मला माहीत आहे, तुला सांगितलं, पुढे तू अध्यक्ष आहेस." आणि अनावरणाला जा. पहिल्या रांगेत बसा, तोंड वाकडं करू नका. कुणी पत्रकारानं विचारलं तर मात्र खरं सांगा, कारण पत्रकाराला खोटं सांगितलं की ते छापून येतं आणि पुढची पंचवीस वर्षं कुणीतरी सायकलवरून त्याच्या मागे फिरत बसतं.

तुमचा,
नाना

ता. क. एप्रिलात नेमाडचं, म्हणजे त्या खरगोनकडचं, ऊन म्हणजे आपल्या भुसावळचा सख्खा भाऊ. पहाटे चारला निघा, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बरोबर घ्या, पोरांना टोप्या घालायला लावा. पण हे सगळं नंतर. आज दुपारी पहिलं काम म्हणजे ग्रॅनाइटवाल्याला फोन करून अक्षरं थांबवायला सांगणं. तुम्ही नका करू फोन. मुलाला करायला सांगा, 'मजकूर थोडा वाढवायचाय' म्हणून.